रायफल पाठीवर नको, गाडीच्या अंगाला बांधा

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ जिंकले, त्या दिवसापासून तिने नेमबाजीचा ध्यास घेतला. वर्षभर क्लबच्या रायफलीवर शिकली. गेल्या महिन्यात कर्ज काढून तिला स्वतःची १० मीटर एअर रायफल घेऊन दिली. आम्ही राहतो कागलला, सराव कोल्हापुरात. चारचाकी नाही, स्प्लेंडर आहे. आठवड्यातून चार दिवस मी तिला सोडतो-आणतो. रायफलीची पेटी ती पाठीला अडकवून मागे बसते. पेटी सव्वाशे सेंटिमीटर लांब, हेल्मेटच्याही वर फूटभर जाते. हायवेला वारा सुटला की पोरगी मागे ओढली जाते. एकदा कॅरिअरवर आडवी बांधून पाहिली, तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने शिव्या घातल्या. रायफल आणि लेक दोन्ही सुखरूप कशी न्यायची? पोलिसांनी अडवले तर काय दाखवायचे?
— एक पालक, कागल

उत्तर : पेटी आजच तिच्या पाठीवरून उतरवा. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

हे एवढ्या घाईने का सांगते, तर तुमची लेक आज जशी बसते तशीच मी कितीतरी वर्षे बसत होते. २००३ च्या जुलैमध्ये भावाच्या गाडीवर मागे बसून मी सरावाहून परत येत होते. पाऊस थांबलेला, रस्त्यावर पाणी साचलेले. गोकुळ शिरगावच्या पुढे पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. गाडी घसरली, वेग तिशीच्या आतच असेल. भावाचा गुडघा सोलवटला. मी मात्र पाठीवर पडले. पेटीचे खालचे टोक डांबरावर टेकले आणि वरचे टोक हेल्मेटच्या खाली, मानेच्या मणक्यावर आदळले. हेल्मेटला ओरखडा नव्हता. सहा आठवडे मानेला पट्टा होता. आजही डावीकडे मान पूर्ण वळत नाही. घरी आल्यावर आईने आधी माझी मान बघितली आणि मी आधी पेटी उघडली. रायफलीला काही झाले नव्हते. तेव्हा मला त्याचा आनंद झाला होता. आज माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी सांगते, त्या दिवशी मी चुकीच्या गोष्टीचा आनंद मानला.

आता खरी अडचण सांगते. रायफलीच्या दृष्टीने माणसाची पाठ ही उत्तम जागा आहे. रस्त्याचे दणके माणूस अंगावर घेतो, कंबरेने झेलतो, रायफलीपर्यंत फारसे काही पोचत नाही. म्हणून सगळे नेमबाज पेटी पाठीला लावतात. पण रायफल साडेचार-पाच किलोची, पेटी चार किलोची. असा नऊ किलोचा न वाकणारा दांडा कण्याला समांतर बांधलेला असला, तर पडताना अंगाला गोळा होता येत नाही. चालत जाताना पेटी पाठीवर खुशाल घ्या. गाडीवर नको.

आडवी बांधणे तर त्याहून वाईट. स्प्लेंडरचे हँडल पाऊण मीटरच्या आसपास रुंद, पेटी सव्वा मीटर. म्हणजे दोन्हीकडे वीत-वीत बाहेर. तुम्ही हँडलच्या अंदाजाने फटीतून गाडी काढणार आणि मागचे टोक उसाच्या ट्रॉलीला लागणार. हंगामात त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्री कसे चालतात हे मी तुम्हाला सांगायला नको. तो ट्रकवाला शिव्या देत होता, पण बरोबर सांगत होता.

मग उरते गाडीची डावी बाजू. उजवीकडे सायलेन्सर, त्याची धग पेटीला लागते. डावीकडे साडी गार्ड असते. दूधवाले किटल्या लावायला बाजूला लोखंडी घोडी बसवून घेतात ना, तसेच काम आहे, फक्त नाजूक. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून पाऊण इंची चौकोनी पाइपचा इंग्रजी एल आकाराचा स्टँड करून घ्या. खाली पेटीचे टोक टेकेल एवढा ट्रे, साधारण मागच्या पायदानाच्या उंचीवर आणि बसणारीच्या पायाच्या मागे. वर पाठीला उभा आधार. गाडीला वेल्डिंग करू देऊ नका, नटबोल्टनेच बसवायचे. आणि तो सीटखालच्या चासीला धरलेला हवा. मागच्या चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या भागाला धरला तर प्रत्येक खड्डा थेट रायफलीत जाईल. नुसत्या साडी गार्डच्या बोल्टवरही विसंबू नका. मागचा इंडिकेटर झाकला जात नाही ना, तेवढे बघून घ्या.

ट्रेमध्ये दोन इंच जाड कडक फोम घाला. गादीवाल्याचा मऊ फोम दोन दिवसांत बसतो, तो चालत नाही. पेटी त्यावर उभी, किंचित मागे कललेली. बट, म्हणजे खांद्याला टेकणारे मागचे टोक, खाली आणि नळी वर, म्हणजे वजनदार बाजू तळाला राहते आणि नळी कुणाकडे रोखलेली नसते. अशी उभी पेटी गाडीच्या अंगापासून पाच-सहा इंचच बाहेर येते, मागे बसणाऱ्याच्या गुडघ्याएवढी. बांधायला निवारीची पट्टी आणि बकल, दोन ठिकाणी : एक खाली, एक वर कॅरिअरच्या दांडीला. हुकवाली लवचिक दोरी वापरू नका. ती खड्ड्यात ताणते, पेटी उसळते, आणि हुक सुटून डोळ्यावर येतो. गावाकडे सायकलच्या दुकानात मिळते ती ट्यूबची पट्टी वरून जादा गुंडाळली तर चांगलेच.

पेटीची लांबीही कमी करता येते. आजच्या मॅच रायफलीची, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीची, बट प्लेट एका स्क्रूवर निघते. ती काढली की दहा-बारा सेंटिमीटर वाचतात आणि एक मीटर पाच सेंटिमीटरच्या पेटीत रायफल बसते. ट्रेवर उभी केल्यावर तिचे टोक तुमच्या लेकीच्या खांद्याच्या आसपास राहील. तिला डाव्या हाताने वरची पट्टी चाचपता येईल. आमच्या मुली स्पीडब्रेकर गेला की आपोआप हात लावून बघतात. काढण्याआधी बट प्लेटच्या दांड्यावर जिथे आकडा असतो तो तिने वहीत लिहावा, शिवाय पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवावी. नळी आणि स्टॉक, म्हणजे तिला धरणारा दस्ता, मात्र रोज वेगळे करू नका. ते स्क्रू ठरलेल्या ताणानेच आवळावे लागतात. रोजच्या खोल-घाल करण्याने नेम कुठे जाईल त्याचा भरवसा राहत नाही.

नेम धरायची मागची साइट, म्हणजे डायऑप्टर, काढून वेगळ्या डबीत ठेवायला सांगा. यामागचे गणित तिलाच करायला लावा, आयुष्यभर विसरणार नाही. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि एका वर्तुळापासून पुढचे वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर साधारण ८० सेंटिमीटर. मागची साइट एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकली तर पेलेट, म्हणजे एअर रायफलीची छोटी गोळी, टार्गेटवर सव्वा मिलिमीटर सरकते. म्हणजे अर्धे वर्तुळ. तुमच्या डोळ्याला न दिसणारा फरक निकालपत्रात दिसतो. पेटीचे झाकण साइटवर दाबून बसत असेल तर हे रोज होते आणि पोरगी बिचारी आपल्या श्वासात दोष शोधत बसते. असे एक मूल मी दोन महिने चुकीचे शिकवले, आणि शेवटी चूक पेटीच्या फोममध्ये निघाली. त्या मुलाची मी माफी मागितली होती.

हवेचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरलेला असतो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, त्यावरून अंदाज घ्या. तो रायफलीवरून उतरवा, आट्यांवर टोपी लावा आणि फोममध्ये त्याच्यासाठी कापलेल्या खाचेत ठेवा. गाडीच्या डिकीत सुटा कधीच टाकू नका. काळी पेटी उन्हात उभ्या गाडीवर ठेवून कुणाच्या घरी चहाला बसू नका. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. वापराची मुदत संपली की स्पर्धेत तो चालत नाही, आणि मी तर सरावालाही चालू देत नाही. रायफल जुनी घेतली असेल तर आजच ती तारीख वाचा.

निघताना रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघायचे. एकाने नव्हे, दोघांनी. रायफलीचा बोल्ट, म्हणजे पेलेट भरायची जागा बंद करणारा खटका, उघडा, नळीत सेफ्टी फ्लॅग. एअर रायफलीचा फ्लॅग म्हणजे ती भडक नारिंगी दोरी. ती नळीच्या एका टोकातून घालून दुसऱ्या टोकातून बाहेर दिसली पाहिजे, नियमच तसा आहे. ती आरपार दिसते म्हणजे नळीत पेलेट नाही. मग बोल्ट तसाच उघडा ठेवून पेटी बंद, कुलूप, किल्ली तुमच्या खिशात.

तिचे शूटिंग जॅकेट आणि पँट कॅनव्हास-चामड्याचे, जाड. ते घडी घालून मऊ बॅगेत तिच्या पाठीवर राहू द्या. त्याने पडल्यावर इजा होत नाही, झाला तर आधारच होतो. पेलेटचे डबे मात्र त्या बॅगेत सैल खुळखुळू देऊ नका. पेलेट मऊ शिशाचे असते, त्याची मागची कड कागलपासून कोल्हापूरच्या शाहू नाक्यापर्यंत आपटून आपटून वाकते. डब्याच्या झाकणाखाली स्पंजची चकती कापून बसवा, आवाज बंद झाला पाहिजे. आणि पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तिला डबा खाऊ देऊ नका. शिसे पोटात जायला नको.

रेंजवर पोचल्यावर लगेच नेमाला उभे राहायचे नाही. पेटी उघडून पंधरा-वीस मिनिटे ठेवायची. रायफल खोलीच्या हवेला येऊ द्यायची, तोवर पोरीने व्यायाम करावा. सगळे स्क्रू बोटाने चाचपावेत. एखाद्या रविवारी एक प्रयोग करा : टेकूवर रायफल ठेवून पाच शॉट मारा, पेटी स्टँडला बांधून हायवेवर दहा किलोमीटरची फेरी मारून या, आणि पुन्हा पाच मारा. दोन्ही गट एकावर एक आले तर तुमचा स्टँड चांगला झाला. बाजूला गेले तर फोम बदला. मला पत्र पाठवून विचारण्यापेक्षा तो कागद जास्त खरे सांगेल.

पोलिसांचे. ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट १७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफलीची ताकद सात-साडेसात ज्यूलच्या आसपास असते. पण परवाना लागत नाही याचा अर्थ कागद लागत नाहीत असा घेऊ नका. नाकाबंदीवरच्या हवालदाराला पेटीत काय आहे ते बाहेरून कळत नाही. खरेदीचे बिल, त्यावरचा रायफलीचा नंबर, मुलीचे आधार कार्ड, क्लबचे ओळखपत्र आणि प्रशिक्षकाचे सही-शिक्क्याचे पत्र, या सगळ्याच्या प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. पाकीट पेटीत नको, तुमच्या शर्टच्या खिशात. अडवले तर आधी तोंडाने सांगा : “साहेब, पेटीत खेळाची एअर रायफल आहे, रिकामी आहे, कागद हे.” त्यांनी सांगेपर्यंत पेटीला हात लावू नका. उघडायला सांगितली तर रस्त्याच्या कडेला घेऊन, मुलीने नव्हे, तुम्ही उघडा. वादावादी करू नका. माझा अनुभव असा, की आधी सांगितले की निम्म्या वेळा पेटी उघडावीच लागत नाही, उलट “कुठल्या गावची पोरगी?” अशी चौकशी होते.

वाटेत कुठे थांबू नका. वडापावच्या गाड्यावर पेटी मित्राला उघडून दाखवू नका. पेटीवर बंदुकीचे स्टिकर नकोत. ती पेटी बघून कुणी ओळखू नये, असेच ती दिसली पाहिजे.

शेवटी एक मनापासून सांगते. पाऊस मुसळधार असेल त्या दिवशी गाडी काढूच नका. एसटीने जा, पेटी दोन सीटच्या मध्ये उभी धरा. नाहीतर त्या दिवशी घरीच भिंतीसमोर रिकाम्या रायफलीने उभे राहण्याचा सराव करू दे. तासभर नीट उभी राहिली तर तोही सरावच आहे. तेजस्विनी सावंतसारखी २०१० ची विश्वविजेती याच कोल्हापुरातून घडली. एका दिवसाचा सराव बुडाला म्हणून तुमच्या लेकीचे काही अडणार नाही.

प्रश्न : मी सांगलीला कॉलेजात आहे. आता पॉइंट २२ ची ५० मीटर रायफल मारायला लागलो. पुण्यात बालेवाडीला स्पर्धा आहे. मित्र म्हणतो बुलेटवरून जाऊ, खर्च वाचेल. रायफल नेता येईल का?
— एक खेळाडू, सांगली

उत्तर : नको. मोटारसायकलवरून नको.

ही एअर रायफल नव्हे, दारूच्या काडतुसाचे अग्निशस्त्र आहे. तिला परवाना लागतोच. परवाना ज्याच्या नावावर, रायफल त्याच्या ताब्यात, एवढे सरळ धरून चाला. तुझ्या पत्रात रायफल कुणाच्या नावावर आहे हे लिहिलेले नाही, आणि मला तीच काळजी वाटते. क्लबची असेल तर क्लबच्या जबाबदार माणसाने, कागदांसह, न्यायची. तू आणि मित्राने परस्पर उचलायची नाही, उद्या स्पर्धा असली तरी. परवान्याची हद्द कुठपर्यंत लिहिली आहे ते वाच. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्याजिल्ह्यांत शस्त्रे बाळगण्याला मनाई करणारे आदेश निघत असतात. सांगली, सातारा, पुणे, तिन्हीकडची चौकशी निघण्याआधी पोलीस ठाण्यात झाली पाहिजे. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर तेही त्याच वेळी विचारून घे.

कागद सगळे बरोबर असले तरी माझे उत्तर बदलत नाही. दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. वाटेत पेट्रोल भरणार, लघवीला थांबणार, चहा घेणार. प्रत्येक वेळी रायफल गाडीला बांधलेली आणि तुम्ही दहा पावलांवर. अग्निशस्त्र क्षणभरही सोडायचे नसते, आणि मोटारसायकलला बंद होणारे दार नसते. बालेवाडीला जाणारे चार खेळाडू गोळा करा, परवानाधारक मोठा माणूस सोबत घ्या, एक चारचाकी ठरवा. बोल्ट काढून वेगळा, काडतुसे वेगळ्या कुलपाच्या डब्यात. माणशी खर्च बुलेटपेक्षा फार जास्त येणार नाही. आला, आणि पैशांची खरेच अडचण असली, तर तुझ्या प्रशिक्षकाला तोंड उघडून सांग. खेळाडूने पैशांसाठी लाजायचे कारण नाही.

प्रश्न : मुलाची एअर रायफल स्कूटरवर आणताना पेटीत पाणी शिरले. पुसून पेटी बंद करून ठेवली. चार दिवसांनी उघडली तर नळीवर तांबूस ठिपके. काय चुकले?
— एक आई, चिपळूण

उत्तर : रायफल पुसलीत, फोम पुसला नाहीत. पेटीतला फोम पाणी धरून बसतो. वरून हाताला कोरडा लागतो आणि आत दाबला की पाणी येते. कोकणातल्या हवेत बंद पेटीत ती ओल चार दिवस रायफलीला बिलगून राहिली.

घरी आल्यावर रायफल पेटीबाहेर काढायची, सुती फडक्याने टिपायची, पंख्याखाली आडवी ठेवायची. उन्हात नको, केस वाळवायच्या यंत्राने तर मुळीच नको. फोम पेटीतून सोडवून वेगळा वाळवा, त्याला दोन दिवस लागले तरी चालतील. तोवर रायफल जुन्या सुती चादरीत गुंडाळून कपाटात कुलपात ठेवा. वाळल्यावर बंदुकीच्या तेलाचे एकदोन थेंब घेतलेले फडके बाहेरच्या लोखंडावरून फिरवा. नळीच्या आत तेल ओतू नका. तिथे फक्त साफसफाईचे फेल्टचे गोळे कोरडे घालून बाहेर काढायचे, पांढरे निघेपर्यंत. तांबूस ठिपके नुसते वर आलेले असतील तर तेलाच्या फडक्याने जातील. नखाला खड्डा लागला तर कानशी-पॉलिश करू नका, रायफल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

पुढच्या पावसासाठी पेटीवर ट्रेकिंगच्या बॅगेला घालतात तसले आवरण शिवून घ्या, शिवण खालच्या बाजूला येईल असे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. स्कूटरवर पेटी पुढे पायापाशी उभी ठेवत असाल तर तेही थांबवा, हँडल वळत नाही. वरच्या उत्तरात स्टँड सांगितला आहे, तसा स्कूटरलाही होतो, पण आधी सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघून मगच फॅब्रिकेशनवाल्याला माप द्या.